खतिजामामीच्या मुठीतली करिओका

मित्रांनो, आत्मवृत्त सांगायला बसणारे बहुधा म्हातारे असतात. कुणी जुनी छत्री, कुणी जुना नांगर, कुणी गंजलेली सायकल. माझं तसं नाही. मी आज सकाळी जन्मले आणि दिवेलागणीपर्यंत टिकले तरी खूप झालं. पण एका दिवसात मी जेवढी घाबरले, तेवढी एखादी छत्री उभ्या जन्मात घाबरली नसेल. मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून तुम्ही हसायला नको.

मी एक करिओका आहे. फिलिपिन्स नावाचा बेटांचा देश आहे, तिथला हा तळलेला गोड पदार्थ. चिकट तांदळाचं पीठ, खवलेला ओला नारळ आणि नारळाचं दूध एकत्र मळायचं, गोळे करायचे, तळायचे, गुळाच्या पाकात घोळवायचे आणि काडीला टोचून खायचे. एवढंच माझं घराणं. तांदूळ मात्र तुमच्या घरातला नव्हे. तुमचा तांदूळ शिजला की मोकळा होतो, आमचा शिजला की एकमेकाला सोडत नाही.

मग मी कुवेतमध्ये कशी, असं विचाराल. मी लैलाबरोबर आले. लैला त्याच देशातल्या झांबोआंगाची, तिकडच्या मुसलमान कोळ्याची मुलगी. अश्रफ हा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा, बोटीवरचा खलाशी. तिच्या गावच्या बंदरात तो तापानं फणफणला, म्हणून बोटीनं त्याला किनाऱ्यावर उतरवलं आणि बोट गेली निघून. लैलाच्या बापानं त्याला घरी आणलं. ताप उतरला, पण अश्रफचा पाय काही निघेना. शेवटी सगळ्यांच्या लक्षात आलं काय ते, आणि निकाह झाला. पुढे बोट सोडून त्यानं कुवेतच्या बंदरावर नोकरी धरली आणि लैलाला बोलावून घेतलं. निघताना तिच्या आईनं पिठाचा एक डबा दिला. त्या डब्यात मी होते, पीठ होऊन.

कुवेतच्या रुमैथिया भागात तेव्हा नवी नवी घरं उठत होती. त्यातल्या एका कुवेती घराच्या मागच्या अंगाला ह्या दोघांच्या दोन खोल्या होत्या. शेजारी सुगरा राहायची, श्रीवर्धनची. तोंडाची फटकळ, पण मनानं लाख. तिनंच लैलाला आपली बोली शिकवली. पाणी, मीठ, ये, बस, जेवलास काय, आणि दोन-चार शिव्यासुद्धा. त्या शिव्या कधी लागतील सांगता येत नाही, असं सुगराचं म्हणणं होतं.

वर्षभर मी डब्यात सुखात होते. लैला झाकण उघडायची, वास घ्यायची आणि परत लावायची. आईची आठवण आली की तेवढंच. मला वाटायचं, असंच चालेल.

आणि मग अश्रफची आई आली.

तिचं नाव खतिजा. सगळे तिला खतिजामामी म्हणत. मुंबईहून बोटीनं आली ती नारळांची दोन पोती, लोणच्याच्या बरण्या आणि एक ठाम विचार घेऊन. उंबऱ्यातच तिनं लैलाला खालून वर न्याहाळलं आणि लेकाला विचारलं, "हीच काय ती?"

"हीच," अश्रफ म्हणाला.

"बरं," म्हातारी म्हणाली, आणि लैलानं पुढे केलेला पाण्याचा पेला तिनं हातात घेतला नाही. सुगराच्या घरून पाणी मागवलं.

मित्रांनो, डब्यात मला थंडी वाजली. कुवेतचा जून महिना, पत्रा हाताला चटका देत होता, आणि मला थंडी वाजली.

दोन दिवस म्हातारीनं लैलाच्या हातचा कणसुद्धा खाल्ला नाही. बेकरीतली खुबूसची रोटी, खजूर आणि स्वतःचं लोणचं, एवढ्यावर राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी अश्रफ कामाला निघाला तेव्हा ती त्याला म्हणाली, "शुक्रवारची बोट हाय. तू माझ्याबरोबर यायचं. तुझ्या मामाच्या पोरीसाठी, असमासाठी, मी शब्द दिलाय. ही हवी तर ऱ्हाईल, नायतर जाईल आपल्या मुलखात."

अश्रफनं काय म्हणावं? काही नाही! मोठाली खोकी उचलून घेणारा हा गडी आईसमोर मूग गिळून बसला. चप्पल घातली आणि गेला. मला त्याचा असा राग आला की सांगू नका.

लैलाला सगळं समजलं होतं. ती सुगराकडे गेली आणि रडली. सुगरानं तिचे डोळे पुसले आणि म्हणाली, "रडून काय व्हायचंय? ऐक माझं. आमच्यात सून म्हणजे कोण, तर जिच्या हातचं सासू खाते ती. नव्या सुनेनं गोड करायचं, सासूनं खायचं, की झाली ती घरची. मग तिला कुणी हलवू शकत नाय, खतिजामामीसुद्धा नाय. त्यांनी तुझ्या हातचं खाल्लेलं नाय, म्हणून तू अजून पाहुणी. काहीतरी गोड कर."

"शिरा?" लैलानं विचारलं.

"शिरा करशील तर त्यात शंभर खोडी काढतील. त्यांना येत नाय असं काहीतरी कर. तुझ्या घरचं कर."

अशी माझ्यावर वेळ आली. लैलानं डबा खाली काढला आणि सगळं पीठ परातीत ओतलं. चिमूटभरही मागे ठेवलं नाही. माझा थरकाप झाला. हे पीठ संपलं की कुवेतात दुसरं नाही. आज जमलं तर जमलं.

नारळ हवा होता. घरात नारळ होते ते म्हातारीच्या पोत्यात, तिच्या परसातले, लेकासाठी आणलेले. म्हातारी आत नमाजाला बसली होती. लैलानं पोत्याकडे पाहिलं, आतल्या खोलीकडे पाहिलं, आणि एक नारळ उचलला. फोडताना केवढा आवाज झाला! मी परातीत पडल्या पडल्या डोळे मिटून घेतले. पिठाला डोळे नसतात म्हणता? भीती वाटली की असतात.

लैला खाली बसून नारळ खवायला लागली. पाठीमागे कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"माझा नारळ कुणी फोडला?"

लैलाचा हात थांबला. "मी," ती म्हणाली. "गोड. तुमच्यासाठी. आई."

"मी तुझी आई नाय," म्हातारी म्हणाली. पण ती गेली नाही. वाकून तिनं खवलेला चव चिमटीत घेतला, उजेडाकडे धरला, परत टाकला. पांढराशुभ्र होता. करवंटीजवळची काळी पाठ जराही खवली गेली नव्हती. कोकणातल्या बाईला एवढ्यावरून दुसऱ्या बाईचं अर्धं माहेर कळतं. म्हातारीनं पाट ओढून घेतला आणि ती बसून राहिली. ह्यात बरं चिन्ह किती आणि वाईट किती, मला काही ठरवता येईना.

लैलानं आम्हाला मळलं. गोळे केले. आता नीट ऐका, कारण इथेच सगळा घोटाळा झाला. आमच्या चिकट पिठाची एक वाईट खोड आहे. वरून गुळगुळीत वळलं आणि कडकडीत तेलात सोडलं, की वरची कातडी लगेच बंद होते. आतली वाफ कोंडते, बाहेर पडायला वाट शोधते, आणि वाट मिळाली नाही तर स्वतःच करते. फाडकन! म्हणून लैलाच्या गावाकडे आम्हाला खडबडीत ठेवतात. नारळाचा कीस अंगावर दिसला पाहिजे, इकडेतिकडे भेगा राहिल्या पाहिजेत. आणि तेल अगदी मंद ठेवतात. आम्ही निवांत तळल्या जातो.

आणि कोकणात? कोकणात वडे तळतात. वड्याला तेल कसं हवं? धूर निघेल असं! नाहीतर वडा फुगत नाही, तेल पिऊन बसतो. जन्मभर ईदला, लग्नाला, कोंबडीबरोबर खतिजामामीनं वडेच तळले होते. गावात वडे करायचे म्हटलं की आधी तिलाच बोलावणं यायचं.

तिनं ताटातल्या आमच्याकडे पाहिलं. "हे काय गोळे? भेगाळलेले, खरबरीत. लहान पोरांनी चिखलाचे करावेत तसे." लैलानं नको म्हणायच्या आत ताट स्वतःकडे ओढलं आणि एकेकीला तळहातात घेऊन गरागरा वळायला लागली. लाडू वळावेत अशा एकामागून एक गुळगुळीत होत गेल्या. दिसायला देखण्या, अगदी चकचकीत! आणि मी मनात ओरडत होते, नको, नको, नको.

लैलानं तोपर्यंत मंद तेलात आमच्यातल्या काहीजणी सोडल्या होत्या. गुळगुळीत होत्या, पण तेल मंद होतं, म्हणून अजून निभावलं होतं. म्हातारीनं कढईत डोकावून पाहिलं.

"अगो, हे तेल तापलंच नाय! बुडबुडा तरी येतोय काय? कुणी शिकवलं तुला तळायला?" आणि तिनं स्टोव्हला पंप मारला. एकदा, दोनदा, मारतच राहिली. स्टोव्ह भरभरायला लागला.

"नको! आई, नको!" लैला म्हणाली. पुढचं सांगायला तिच्याजवळ शब्द नव्हते. वाफ, कातडी, फुटणं हे काही सुगरानं शिकवलं नव्हतं. घाबरून ती आपल्या भाषेत भराभर बोलायला लागली आणि स्टोव्हची हवा सोडायची चावी फिरवायला तिनं हात घातला.

म्हातारीनं तो हात बाजूला सारला. "मला शिकवतंस? माझ्या हातचे वडे खायला तीन गावं येतात!"

मी तेव्हा कुठे होते? मी म्हातारीच्या उजव्या तळहातात होते, अर्धी वळलेली. तिथून मला कढई सरळ दिसत होती. माझ्या बहिणी तेलात फुगत चालल्या होत्या. एरवी लालसर होतो तशा नाही. टम्म फुगत होत्या.

"बघ," म्हातारी खुशीत म्हणाली, "कशा फुगल्या!"

पहिली फुटली. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला आणि तेलाचा थेंब म्हातारीच्या गालावर उडाला. ती "या अल्ला!" म्हणाली आणि तिथेच खिळली. भल्या भल्या माणसाचं तसं होतं. पाय हलत नाहीत.

लैलाचे हलले. पुढे काय होणार हे ह्या घरात फक्त तिला माहीत होतं. तिनं म्हातारीला खांद्यानं मागे ढकललं, मध्ये उभी राहिली आणि परात उचलून दोन्ही हातांनी कढईवर धरली. परात नीट बसायच्या आत बाकीच्या एकामागून एक फुटल्या. तेल परातीखालून उसळलं आणि तिच्या हातांवर आलं. तिनं परात सोडली नाही. म्हातारी मागे होती ना! शेवटचा आवाज होईपर्यंत तिनं परात धरून ठेवली आणि मगच ती ओरडली.

त्या ओरडण्याच्या वेळी खतिजामामीची मूठ मिटली. मी आत होते.

पुढचं मी अंधारातून ऐकलं. ताट कलंडलं आणि उरलेल्या सगळ्या बहिणी जमिनीवर, मातीत, घासलेटात गेल्या. सुगरा धावत आली. तिनं स्टोव्ह बंद केला, टाकीतलं पाणी लैलाच्या हातांवर ओतत राहिली आणि म्हातारीला म्हणाली, "मामी, केलंत तरी काय?" घरमालकाच्या गाडीतून आम्ही दवाखान्यात गेलो. आम्ही म्हणते, कारण मीही गेले. मूठ उघडायची शुद्ध म्हातारीला नव्हती. तिच्या तळहाताला घाम सुटला होता आणि ती मला घट्ट धरून होती. मित्रांनो, तोवर मला वाटत होतं की त्या घरात भित्र्या दोघीच, लैला आणि मी. आता कळलं, आम्ही तिघी होतो.

दवाखान्यातल्या मलबारी नर्सनं लैलाचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांनी बांधले. मग म्हातारीची मिटलेली मूठ पाहून तिला वाटलं, हिलाही भाजलं असेल. "माँजी, हाथ दिखाओ," ती म्हणाली. मूठ उघडेना. नर्सनं एकेक बोट सोडवलं. आत मी. चपटी झालेली, चार बोटांच्या खुणा अंगावर, मधोमध अंगठ्याचा खळगा.

"ये क्या कचरा पकडा है?" म्हणत नर्सनं मला उचललं आणि पायाशी ठेवलेल्या बादलीकडे नेलं. त्या बादलीत औषधाचे बोळे होते, रक्ताच्या चिंध्या होत्या. संपलं, मी म्हटलं. ह्यापेक्षा तेलात फुटले असते तर बरं झालं असतं.

"टाकू नको गो!" म्हातारी ओरडली. एवढ्या मोठ्यानं, की बाकावरचे सगळे रोगी वळून पाहू लागले. तिनं मला परत घेतलं आणि ओढणीच्या टोकात बांधलं.

नर्स लैलाकडे बोट दाखवून म्हणाली, "ये आपकी कौन लगती है?"

म्हातारीनं ओढणीची गाठ चाचपली. तिनं मान खाली घातली. सुगरा म्हणाली, "बहू है इनकी." म्हातारीनं ते खोडलं नाही, पण हो सुद्धा म्हटलं नाही. ओढणीच्या गाठीत माझा जीव टांगणीला लागला.

घरी आलो तेव्हा अश्रफ आलेला होता. जमिनीवर तेल, गोळे, कलंडलेलं ताट. त्यानं लैलाचे हात पाहिले आणि ह्या खेपेला मूग बाहेर पडले.

"आई, झालं तुझ्या मनासारखं? हिला घालवायलाच आली होतीस ना? मी नाय येत शुक्रवारी. मारायचं तर मार मला!"

मला वाटलं, आता म्हातारी आकाशपाताळ एक करील. ती चटईवर बसली. ओढणीच्या टोकाशी चाळा करत, म्हणजे माझ्याशीच चाळा करत, हळूच म्हणाली, "मना भ्याव वाटला रे."

"कसला भ्याव?"

"तुझा बाप बोटीवर गेला तो आला नाय. तू बोटीवर गेलास, परत आलास ते कुवेतात. आता ही. हिचं गाव कुठे हाय ते मी मास्तरला नकाशात दाखवायला सांगितलं. केवढं लांब! मी म्हटलं, ही एक दिवस माझ्या पोराला तिकडे घेऊन जाईल आणि मला कुणी सांगणार पण नाय. म्हणून आले." मग तिनं लैलाकडे पाहिलं. "मी स्टोव्ह भडकवला माझ्या घमेंडीनं. तू मध्ये का आलीस गो? मी भाजले असते तर तुझी पीडा टळली असती."

सुगरानं हे लैलाला कळेल अशा शब्दांत सांगितलं. लैला शब्द शोधत राहिली.

"मला पण भीती," ती म्हणाली. "आई लांब. एक आई लांब. दुसरी पण जाईल तर?"

म्हातारी उठली. ओढणीची गाठ सोडून मला बाहेर काढलं, फुंकर मारली, साफ केलं. स्टोव्ह पेटवला. अश्रफ "आई, राहू दे" म्हणत पुढे आला, तर त्याला हातानंच थांबवलं. कढईत थोडंसं नवं तेल ओतलं आणि लैलाला जवळ बोलावलं, पण हातभर लांब उभं केलं. "सांग. किती?"

"मंद," लैला म्हणाली.

म्हातारीनं आच कमी केली. "एवढी?"

"अजून मंद."

"अजून?" जन्मभर वडे तळलेल्या बाईला ते सहन होत नव्हतं, पण केली कमी. मग माझ्याकडे पाहिलं, स्टोव्हजवळची काडी घेतली आणि अंगठ्याच्या खळग्यातून आरपार भोक पाडलं, वड्याला पाडतात तसं. "वाफेला वाट ठेवली," ती म्हणाली. लैलानं मान हलवली. मला तेलात सोडलं.

मी ओरडले नाही, कारण ओरडायलाही धीर लागतो. सगळ्या बहिणी ह्याच कढईत गेल्या होत्या. तेल ऊन होतं, पण अंगावर धावून येत नव्हतं. आत वाफ झाली आणि भोकातून सुस्कारा टाकत निघून गेली. कुणी हललं नाही. अश्रफ, सुगरा, सासू, सून, चौघांचे डोळे माझ्यावर. मी हळूहळू लाल झाले. म्हातारीनं मला बाहेर काढून लैलानं सकाळी करून ठेवलेल्या गुळाच्या पाकात घोळवलं आणि काडीला लावलं.

मित्रांनो, इथे मला तुमच्याजवळ एक मागणं मागायचं आहे. घरात लांबचं माणूस आलं, आणि त्यानं आपल्या गावचं काही करून पुढे ठेवलं, तर त्याच्या हातातून ताट ओढून घेऊ नका. आधी विचारा, तुमच्याकडे हे कसं करतात. विचारायला वेळ लागत नाही. नाहीतर माझ्या बहिणींचं काय झालं ते तुम्ही ऐकलंतच.

म्हातारीनं काडी हातात धरली. आता ती खाणार, मी धीर गोळा केला. पण तिनं काडी लैलापुढे नेली. लैलाचे हात बांधलेले. तिला घेता येईना.

"आ कर," खतिजामामी म्हणाली.

लैलानं तोंड उघडलं. तिनं मला अर्धी तोडली. चावता चावता तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. माझी ती अर्धी घरी पोचली. उरलेली अर्धी मी, दातांच्या खुणांसकट, काडीवर.

"मामी, द्या इकडे, ते टाकून देऊ," सुगरा म्हणाली. "उष्टं झालं ते. हिच्या माहेरहून पीठ आलं की तुम्हाला दुसरं करू."

खतिजामामीनं हात मागे घेतला. "बिस्मिल्ला," ती म्हणाली, आणि सुनेचं उष्टं तोंडात घातलं.